खुनाचा दर एका राज्यात चार, दुसऱ्यात एक: हा फरक शोधायचा कसा?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल आला की दोन दिवस एकच मथळा फिरतो: खुनांत उत्तर प्रदेश पहिला. त्याखाली जो तो आपलं ठरलेलं स्पष्टीकरण चिकटवतो. कुणी गरिबी म्हणतं, कुणी पोलिसांचा नाकर्तेपणा, कुणी सरळ 'तिकडची माणसंच तशी' म्हणून मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. या सगळ्यात झारखंडचं नाव मथळ्यात येतच नाही, आणि लोकसंख्येच्या मानाने 2022मध्ये देशात सर्वाधिक खून तिथे नोंदले गेले होते.

पत्रकार, समाजशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे किंवा निव्वळ कुतूहल असलेले वाचक, यांच्यासाठी हा लेख आहे. साहित्य फार लागत नाही: एनसीआरबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारा 'क्राइम इन इंडिया' अहवाल, 2011च्या जनगणनेचे तक्ते, एक्सेल किंवा तत्सम काही, आणि उत्तर लगेच न ठोकण्याचा संयम. उदाहरणं मुद्दाम 2022च्या अहवालातली घेतली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. वर्ष कुठलंही घेतलं तरी पद्धत हीच.

पायरी 1: प्रश्न एका ओळीत लिहून काढा

'बिहारमध्ये इतकी हिंसा का?' हा प्रश्न नाही, तो शेरा आहे. प्रश्नात दोन प्रदेश हवेत, एक कालखंड हवा आणि एक मोजमाप हवं. उदाहरणार्थ: 2022मध्ये केरळात दर लाख लोकांमागे खुनाचे 0.9 गुन्हे नोंदले गेले आणि हरियाणात 3.4, हा जवळजवळ चौपटीचा फरक कशामुळे? असा प्रश्न लिहिला की पुढचं निम्मं काम सोपं होतं, कारण कुठला आकडा शोधायचा ते कळतं.

संख्या आणि दर यांतला फरक बहुतेकांना माहीत असतो, तरी घोटाळा इथेच होतो. 2022मध्ये देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले, दर लाखामागे 2.1. उत्तर प्रदेशात 3,491, बिहारमध्ये 2,930, महाराष्ट्रात 2,295. दर काढला की चित्र पालटतं: उत्तर प्रदेश 1.5, महाराष्ट्र 1.8, बिहार 2.3. वरच्या टोकाला झारखंड 4.0, अरुणाचल प्रदेश 3.6, छत्तीसगड आणि हरियाणा प्रत्येकी 3.4, आसाम आणि ओडिशा प्रत्येकी 3.0. ही यादी समोर ठेवा. यात डोंगरी राज्य आहे, जंगलपट्टा आहे, आणि दिल्लीला खेटून असलेलं श्रीमंत हरियाणाही आहे. इतक्या वेगळ्या प्रदेशांना एकच कारण कसं पुरेल, ही शंका आत्ताच मनात यायला हवी.

पायरी 2: 'खून' या रकान्यात काय आहे आणि काय नाही

या पायरीवर वेळ घालवा. बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथेच जन्माला येतात.

2022च्या तक्त्यातला 'खून' म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम 302खाली नोंदलेले गुन्हे. एका गुन्ह्यात दोन किंवा पाच माणसं मारली गेली असली तरी गुन्हा एकच. मृतांची संख्या वेगळ्या रकान्यात असते. सदोष मनुष्यवध वेगळा. हुंडाबळी वेगळा. बलात्कारासह खून वेगळा. दरोड्यासह खून दरोड्याच्या खात्यात. आणि हा सगळा हिशेब गुन्हा नोंदला त्या वेळचा आहे. पुढे न्यायालयाने आरोपीला सोडलं किंवा कलम सौम्य केलं, तरी मागच्या वर्षीचा आकडा तसाच राहतो.

1 जुलै 2024पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम 103 झालं, सदोष मनुष्यवधाचं 105, हुंडाबळीचं 80. 2024चे आकडे मागच्या वर्षांशी जोडताना दोन्ही कायद्यांची बेरीज घेतली आहे ना, हे आधी बघा.

आता हुंडाबळीचं उदाहरण करून बघू, कारण त्याने नकाशाच बदलतो. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून, इजा होऊन किंवा अनैसर्गिक परिस्थितीत मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाला होता, तर जुन्या कायद्यात कलम 304ब लागायचं. 2022मध्ये असे 6,450 गुन्हे होते. त्यातले 2,138 उत्तर प्रदेशात आणि 1,057 बिहारमध्ये, म्हणजे देशातले जवळपास निम्मे या दोन राज्यांत. ते खुनात मिळवले तर उत्तर प्रदेश 1.5वरून 2.4वर जातो. बिहार 2.3वरून तीनच्या पलीकडे. हरियाणात हुंडाबळीचे 234 गुन्हे होते. तिथला दर चार ओलांडतो. केरळ आहे तिथेच राहतं.

यातला प्रत्येक हुंडाबळी खून नसतो, छळाला कंटाळून केलेल्या आत्महत्याही त्यात येतात. त्यामुळे बेरजेचा आकडा ही वरची मर्यादा आणि नुसत्या 302चा आकडा ही खालची मर्यादा, असं धरून दोन्ही लिहा. पण 'उत्तर प्रदेश महाराष्ट्राहून शांत' असं 1.5 आणि 1.8 बघून म्हणणाऱ्याने विवाहित मुलींचे मृत्यू बाजूला काढून ठेवलेत, एवढं त्याला नक्की सांगता येईल.

आणखी एक खातं म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. विहिरीत प्रेत सापडलं, रेल्वेमार्गाजवळ बेवारस मृतदेह मिळाला, की पोलीस ठाण्यात आधी 'अकस्मात मृत्यू' दाखल होतो. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा (अवयवांची रासायनिक तपासणी), आणि मग संशय आला तर खुनाचा गुन्हा. जिथे शवविच्छेदन वेळेवर होत नाही, तपास अधिकाऱ्याकडे कामाचा डोंगर असतो, तिथे काही खून या खात्यातच राहून जातात. विषप्रयोग आणि बुडवून मारणं सगळ्यांत आधी निसटतं. कुऱ्हाडीचा घाव निसटत नाही. म्हणून खुनाचा आकडा इतर गुन्ह्यांपेक्षा विश्वासार्ह असला, तरी सगळ्या प्रकारच्या खुनांसाठी तो सारखा विश्वासार्ह नसतो.

पायरी 3: भागाकारातली खालची संख्या

2021ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027ची. तोवर राज्यांची लोकसंख्या 2011वर आधारलेल्या अंदाजांतून घेतली जाते. राज्य पातळीवर त्याने फारसं बिघडत नाही. शहरांत मात्र बिघडतं, कारण महानगरांच्या तक्त्यात एनसीआरबी थेट 2011ची लोकसंख्या वापरतं, आणि तीही नागरी समूहाची.

मुंबई घ्या. 2022मध्ये खुनाचे 135 गुन्हे. तक्त्यातली लोकसंख्या 184.1 लाख. भागाकार केला की 0.7. पण 184 लाख म्हणजे ठाणे, कल्याण, नवी मुंबई, मीरा-भाईंदर धरून झालेला समूह. बृहन्मुंबईची 2011ची लोकसंख्या 124.4 लाख. त्याने भागलं तर दर 1.1 येतो. कोलकात्याच्या तक्त्यात 141 लाख दिसतात, तिथल्या महापालिका हद्दीत 45 लाखांच्या आसपास माणसं होती. अंशातली पोलीस ठाणी आणि छेदातली माणसं एकाच हद्दीतली आहेत का, हे तपासल्याशिवाय शहरांचा एकही दर छापू नका. 'सर्वांत सुरक्षित शहर' छापाच्या किती बातम्या या एका तपासणीत गळून पडतील, ते बघण्यासारखं आहे.

जिल्ह्यांत वेगळी गंमत. पोलिसांचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एक नसतो. ठाणे जिल्ह्यातून 2014मध्ये पालघर वेगळा झाला. पिंपरी-चिंचवडला 2018मध्ये आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारला 2020मध्ये वेगळी आयुक्तालयं आली. लोहमार्ग पोलिसांची ओळ वेगळीच असते, आणि तिला लोकसंख्या नसते. जुन्या-नव्या वर्षांची तुलना करायची असेल तर तुकडे परत जोडून एकच मोठा जिल्हा धरा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही. राज्यांचंही तेच: झारखंड, छत्तीसगड, उत्तराखंड 2000च्या नोव्हेंबरातले, तेलंगणा 2014च्या जूनमधलं.

पायरी 4: लहान आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

2022मध्ये गोव्यात 44 खून, सिक्कीममध्ये 9. गोव्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख, म्हणजे दर 2.8, महाराष्ट्राच्या दीडपट. लगेच पर्यटन, ड्रग्ज, कॅसिनो यांवर लेख लिहायला बसायचं का?

थांबा. साधा नियम असा: आकड्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, आणि तेवढं खाली-वर धरा. 44चं वर्गमूळ साडेसहाच्या आसपास, दुप्पट 13. म्हणजे निव्वळ योगायोगाने हा आकडा 31 ते 57मध्ये कुठेही येऊ शकला असता, दर 2.0 ते 3.6. एवढ्या पट्ट्यात देशाची सरासरीही बसते आणि हरियाणाही. सिक्कीमचे 9 म्हणजे 3 ते 15. त्यावरून तर काहीच म्हणता येत नाही. याउलट केरळचे 334 घेतले तर पट्टा 0.8 ते 1.0 इतका अरुंद आहे, आणि उत्तर प्रदेशचा त्याहून अरुंद. केरळ आणि हरियाणा यांच्यातला फरक योगायोगाने आलेला नाही, हे इथे पक्कं होतं.

लहान राज्यं आणि जिल्हे हवेच असतील तर पाच वर्षं एकत्र करा. जिल्ह्याच्या यादीत सगळ्यांत वरचे आणि सगळ्यांत खालचे जिल्हे बहुतेक वेळा कमी लोकसंख्येचेच निघतात. त्यांना क्रमांक देऊन बातमी करणं म्हणजे चार नाणी उडवून नशिबाचा निवाडा करणं.

पायरी 5: नोंद जास्त की गुन्हा जास्त?

केरळात दर लाखामागे भारतीय दंड संहितेचे 661 गुन्हे नोंदले गेले. देशाची सरासरी 258. मग केरळ देशातलं एक गुन्हेगारीग्रस्त राज्य ठरतं का? नाही. तिथे माणूस ठाण्यात जातो आणि ठाणं गुन्हा नोंदवतं. चोरी, मारामारी, विनयभंग यांचे आकडे पोलिसांच्या दाराचा उंबरठा किती उंच आहे ते सांगतात. एनसीआरबीच्या अहवालातच इशारा असतो की गुन्ह्यांतली वाढ आणि नोंदीतली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदेशांची तुलना करायला खून निवडायचा तो याचसाठी: प्रेत लपवणं कठीण.

तरी पडताळणी करा. दोन ताळे उपयोगी पडतात.

एक, खुनाचा प्रयत्न आणि खून यांचं गुणोत्तर. पश्चिम बंगालात खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे प्रत्यक्ष खुनांच्या कित्येक पट नोंदले जातात. इतर अनेक राज्यांत हे अंतर खूप कमी असतं. याचा अर्थ बंगाली माणसाचा नेम चुकतो असा नाही. खुनाच्या प्रयत्नाचं जुनं कलम 307 कुठे सढळ हाताने लावलं जायचं आणि कुठे दुखापतीच्या 324-326वर भागवलं जायचं, हा त्यातला मोठा भाग.

दोन, आत्महत्यांचा आकडा शेजारी ठेवा. 2022मध्ये केरळात लाखामागे 28.5 आत्महत्या आणि बिहारमध्ये 0.6. यातला काही फरक खरा असेल, पण लाखात एकाहूनही कमी माणूस जीव देतो ही गोष्ट गळी उतरत नाही. ज्या राज्यात अनैसर्गिक मृत्यूंच्या नोंदीत एवढी भोकं असू शकतात, तिथल्या खुनाच्या आकड्याकडेही 'किमान इतके' म्हणूनच बघावं.

पायरी 6: खुनांचे प्रकार पाडा

माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा हा आहे. 'खुनाचा दर' नावाची एक गोष्ट मुळात नसतेच. बांधावरून भावाने भावाला मारणं, टोळीने सुपारी घेऊन मारणं, नवऱ्याने बायकोला मारणं आणि डाकीण ठरवून म्हातारीला मारणं, यांची कारणं वेगळी, काळ-वेळ वेगळी आणि नकाशेही वेगळे. ते सगळे एका आकड्यात कालवायचे आणि मग त्या आकड्याचं कारण शोधायचं, यात उत्तर सापडलंच तर नशीब.

अहवालात खुनाच्या कारणांचा राज्यवार तक्ता असतो. 2022मध्ये देशभरात वादविवाद या सदरात 9,962 खून होते, म्हणजे सुमारे 35 टक्के. त्यात जमीनजुमला, घरगुती भांडण, क्षुल्लक बाचाबाची, पाणी, पैसे असे उपप्रकार. वैयक्तिक वैमनस्य किंवा सूड 3,761. आर्थिक लाभासाठी 1,884. मग प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध, हुंडा, जातीय कारण, राजकीय कारण, जादूटोणा, नक्षलवाद अशी लांब यादी.

झारखंडवर हे लावून बघू. झारखंडचा दर 4.0 का, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली: नक्षलवाद आणि डाकीण प्रथा. दोन्ही तिथल्या खऱ्या आणि गंभीर गोष्टी आहेत. डाकीण प्रथेविरुद्ध झारखंडात 2001पासून कायदा आहे. पण प्रश्न दराचा आहे. गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2022मध्ये डाव्या अतिरेकी, म्हणजे नक्षली, हिंसाचारात नागरिक आणि जवान मिळून संपूर्ण देशात 98 मृत्यू झाले. एनसीआरबीच्या तक्त्यात जादूटोण्यावरून झालेले खून संपूर्ण देशात 85. समजा, अतिशयोक्ती म्हणून, हे सगळेच्या सगळे 183 मृत्यू एकट्या झारखंडातले आणि खुनाच्या रकान्यातलेच होते. राज्याची लोकसंख्या सुमारे 390 लाख. 183 भागिले 390 म्हणजे 0.47. ते वजा करून झारखंडचा दर उरतो साधारण 3.5. अजूनही हरियाणाच्या वर आणि केरळच्या जवळपास चौपट.

पाच मिनिटांचा हिशेब, आणि दोन्ही लोकप्रिय स्पष्टीकरणं मुख्य कारण म्हणून बाद. उरलेलं उत्तर जमिनीच्या, घरातल्या, गावातल्या साध्या भांडणांतच शोधावं लागणार. त्यात नाट्य कमी, म्हणून त्यावर लिहिलंही कमी जातं.

कुठलंही कारण सुचलं की आधी असाच प्रश्न विचारा: हे कारण शंभर टक्के खरं धरलं, तरी दरातला किती भाग त्याने भरून निघेल? उत्तर 0.2 आलं आणि फरक 3चा असेल, तर ते कारण बाजूला ठेवा.

कारणांच्या तक्त्याला एक मोठी मर्यादा आहे. कारण लिहिणारा तपास अधिकारी असतो, आणि 'इतर' या सदराचा आकार राज्याराज्यांत फार वेगळा असतो. ज्या राज्यात 'इतर'च निम्म्याच्या आसपास आहे, तिथे उरलेल्या सदरांवर मजले चढवू नका.

प्रकार पाडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मृत व्यक्तीचं लिंग आणि वय. 2022मध्ये देशात खून झालेल्यांत 8,125 स्त्रिया होत्या. पुरुषांचं प्रमाण सुमारे 70 टक्के. जगात ते 80च्या पुढे आहे. पुरुषांचा दर आणि स्त्रियांचा दर वेगवेगळा काढा. दोन राज्यांत फक्त पुरुषांचे खून वेगळे असतील तर रस्त्यावरच्या आणि शेतातल्या भांडणांकडे बघायचं. स्त्रियांचे वेगळे असतील तर घरात.

प्रकार पाडल्याने काय हाती लागतं याचा चांगला नमुना अमेरिकेत आहे. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांत खून जास्त, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. उकाडा, गरिबी, गुलामगिरीचा वारसा अशी कारणं दिली जात. 1990च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि डव्ह कोहेन यांनी दाखवलं की गोऱ्या पुरुषांमध्ये हा फरक मुख्यतः वादावादीतून होणाऱ्या खुनांत दिसतो. चोरी-दरोड्याच्या ओघात होणाऱ्या खुनांत तसा दिसत नाही. त्यातून त्यांनी मानापमानाच्या संस्कृतीचा, म्हणजे अपमानाला हिंसेनेच उत्तर द्यायच्या रीतीचा, सिद्धांत मांडला. तो सगळ्यांना पटलेला नाही, पण आकडा फोडल्याशिवाय तो प्रश्नच विचारता आला नसता.

पायरी 7: आता कारणं तपासा, एकेक करून

गरिबीपासून सुरुवात करा, म्हणजे ती लवकर निकालात निघेल. हरियाणा बिहारच्या कित्येक पट श्रीमंत आहे आणि तिथला खुनाचा दर बिहारच्या दीडपट. साक्षरतेचंही तसंच: 2011मध्ये हरियाणा 75.6 टक्के, बिहार 61.8. केरळ (94 टक्के) या सिद्धांताला शोभून दिसतं, पण एका राज्यावर सिद्धांत उभा राहत नाही.

लिंगगुणोत्तराची गोष्ट जास्त रंजक आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक फिलिप ओल्डेनबर्ग यांनी 1992मध्ये उत्तर प्रदेशच्या जिल्ह्यांवरून दाखवलं की जिथे पुरुषांमागे स्त्रिया कमी, तिथे खून जास्त. पुढे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांनी 1981च्या आसपासचे देशभरातले जिल्हावार आकडे तपासले. गरिबी आणि नागरीकरण यांचा खुनाशी ठळक संबंध त्यांना सापडला नाही. साक्षरतेने हिंसा काहीशी कमी होते असं दिसलं. आणि सगळ्यांत ठसठशीत निघालं ते स्त्री-पुरुष प्रमाण. अर्थात मुली कमी म्हणून पुरुष खून करतात, की ज्या समाजात बळावर सगळं ठरतं तिथे मुलीही नकोशा आणि खूनही जास्त, हे सहसंबंधावरून कळत नाही. मला दुसरं जास्त पटतं.

हे 2022वर लावा. हरियाणा: 2011मध्ये हजार पुरुषांमागे 879 स्त्रिया, खुनाचा दर 3.4. केरळ: 1084 आणि 0.9. झकास जुळतं. आता छत्तीसगड: 991 आणि 3.4. ओडिशा: 979 आणि 3.0. अजिबात जुळत नाही. उत्तर प्रदेश: 912 आणि 1.5, उलट्याच दिशेला. पण पायरी 2मधले हुंडाबळी मिळवा, की तोच उत्तर प्रदेश 2.4वर सरकून बराचसा रांगेत येतो.

म्हणजे निदान दोन नकाशे एकमेकांवर पडले आहेत. एक वायव्येपासून गंगेच्या खोऱ्यापर्यंतचा, जिथे जमीन, पुरुषी प्रतिष्ठा आणि स्त्रियांचं दुय्यमत्व एकत्र बघावं लागतं. दुसरा झारखंड, ओडिशा, छत्तीसगड असा मधला जंगलपट्टा, जिथे स्त्रियांचं प्रमाण चांगलं आहे आणि तरी खून जास्त आहेत. हरियाणाचं स्पष्टीकरण छत्तीसगडला लावायला जाऊ नका.

दुसऱ्या पट्ट्यासाठी तपासण्याजोग्या कल्पना अशा: दारूच्या भरात होणारी भांडणं, जमिनीच्या हक्कांची गुंतागुंत, दूरवर पसरलेली वस्ती आणि लांबचं पोलीस ठाणं, आणि वेळेवर न मिळणारे उपचार. शेवटची कल्पना लोक विसरतात. तोच घाव शहरात 307 ठरतो आणि जंगलात 302, कारण मधल्या दोन तासांत रक्त वाहून जातं. अमेरिकेत 1960नंतर हल्ल्यांतून मृत्यू होण्याचं प्रमाण घटण्यामागे आपत्कालीन उपचारांतली सुधारणा हे मोठं कारण असल्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 108 रुग्णवाहिका 2005मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि पुढे राज्याराज्यांत वेगवेगळ्या वर्षी पोहोचली. ती आल्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं ताडून बघणं हा एखाद्या विद्यार्थ्यासाठी सुरेख प्रबंधविषय आहे.

बंदुकीचं स्पष्टीकरण परदेशातून उचलू नका. अमेरिकेत चारपैकी तीन खून बंदुकीने होतात; आपल्याकडे बहुतांश खून कोयता, कुऱ्हाड, काठी, दगड किंवा गळा दाबून. मुंगेरच्या गावठी कट्ट्यांमुळे बिहारच्या काही भागांत प्रश्न वेगळा आहे, तेवढ्यापुरता तो वेगळा तपासावा.

पावसाचा धागाही सोडू नका. शीतल सेखरी आणि ॲडम स्टोरीगार्ड यांच्या 2014च्या अभ्यासात पाऊस नेहमीपेक्षा एका प्रमाण विचलनाने (म्हणजे त्याच्या एरवीच्या चढउताराएवढा) कमी झाला की हुंडाबळी सुमारे 7.8 टक्क्यांनी वाढतात असं आढळलं. एका राज्याची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा एकाच जिल्ह्याची चांगल्या वर्षी आणि दुष्काळात तुलना करणं जास्त भरवशाचं, कारण तिथे संस्कृती, जात, पोलीस हे सगळं तेच राहतं.

पायरी 8: राज्य सोडा, जिल्ह्यात उतरा

राज्याचा दर ही सरासरी आहे. महाराष्ट्राच्या 1.8मध्ये सिंधुदुर्गही आला आणि गडचिरोलीही. शिवाय राज्य पातळीवर दिसलेला संबंध माणसांच्या पातळीवर खरा असेलच असं नाही: आदिवासी लोकसंख्या जास्त असलेल्या राज्यात खून जास्त, यावरून आदिवासी खून करतात असं निघत नाही. मारणारा आणि मरणारा कोण, हे त्या आकड्यात लिहिलेलंच नाही. या उडीने समाजांवर शिक्के बसतात, म्हणून इथे सगळ्यांत जास्त सावध राहा.

जिल्हा पातळीवर सगळ्यांत चांगली युक्ती सीमेवरची. पालक्काड आणि कोइम्बतूर शेजारी. मधे फक्त राज्याची हद्द. गोंदिया आणि पलीकडचा राजनांदगाव यांचंही तसंच. हवामान, पीक, बरेचसे समाज सारखे असताना हद्द ओलांडताच दर बदलत असेल, तर कारण पोलीस, प्रशासन किंवा नोंदीच्या पद्धतीत शोधा. बदलत नसेल, तर राज्य सरकारला श्रेय किंवा दोष देणं थांबवा.

जमलं तर काळातही मागे जा. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचा खुनाचा दर साडेचारच्या घरात होता, आज निम्म्याहून कमी आहे. जो प्रदेश तेव्हाही वर होता आणि आताही वर आहे, त्याची कारणं मुरलेली असणार. जो मधेच चढून उतरला, दहशतवादाच्या काळातल्या पंजाबसारखा, त्याला संस्कृतीचं स्पष्टीकरण देऊ नये. संस्कृती दहा वर्षांत येऊन जात नाही.

पायरी 9: लिहिताना

निष्कर्षात तीन गोष्टी याव्यात: किती फरक, त्यातला किती समजला, आणि बाकीचा कशामुळे असू शकेल. नमुना असा:

'2022मध्ये हरियाणात खुनाचा नोंदलेला दर केरळच्या जवळजवळ चौपट होता. फरक योगायोगाच्या मर्यादेपलीकडचा आहे. हुंडाबळी मिळवल्यास तो आणखी वाढतो. केरळातल्या एकूण गुन्ह्यांची नोंद देशाच्या सरासरीपेक्षा खूप जास्त असल्यामुळे तिथे खून दडपले जातात असं मानायला आधार दिसत नाही. उत्पन्न आणि साक्षरता यांनी हा फरक उलगडत नाही; लिंगगुणोत्तराशी तो सुसंगत आहे, मात्र तोच संबंध छत्तीसगड आणि ओडिशा यांना लागू पडत नाही.'

संपादकाला हा परिच्छेद बेचव वाटेल आणि तो मथळ्यासाठी पहिला क्रमांक मागेल. द्यायचाच असेल तर दराचा द्या, शेजारी वर्ष छापा, आणि 'अमुक राज्याची मानसिकता' हे शब्द मजकुरात कुठे शिल्लक राहिलेत का ते शोधून खोडा.